तिसरा फरक

चाचा यादी उभं राहून वाचत. सकाळी साडेनऊला, पहिल्या चहाच्या आधी, हात धुऊन. युद्धामुळं ज्या कंपन्यांवर निर्बंध लागतात त्यांची यादी अमेरिकेत आणि युरोपात दिवसा निघते. आमच्याकडं ती सकाळी ताजी असे. तिची छापील प्रत घेऊन ते खिडकीपाशी उभे राहत आणि त्या दिवशी नव्यानं चढलेली प्रत्येक कंपनी, तिचं शहर आणि तिचा पत्ता मोठ्यानं वाचत. ऑफिसात आम्ही चौघं होतो. ऐकलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती. वाचन चालू असताना टाइप करायला मात्र मनाई होती.

"नावं आहेत, बेटा," ते मला म्हणाले होते. "बसून वाचायची नसतात."

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना हायड्रॉलिक पंप तयार करतो. ट्रॅक्टरचा नांगर वर उचलायला लागतात ते. यातले निम्म्याहून जास्त बाहेरच्या देशांत जात. चाचा निर्यातीच्या कागदांचे प्रमुख होते, निवृत्तीचं वय उलटून गेल्यावरही ठेवून घेतलेले. मी एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायचे. आमची आवृत्ती बंद झाल्यावर त्यांच्या हाताखाली कागद तपासायला आले. युरोपच्या पूर्वेला युद्ध सुरू झालं तेव्हा मला त्या टेबलावर जेमतेम वर्ष झालं होतं.

त्या युद्धात आपला देश नव्हता. दुबई नव्हती, इस्तंबूल नव्हतं, ताश्कंद नव्हतं. पण या शहरांतली एखादी कंपनी लढाईला उपयोगी पडणारा माल पुढं पाठवते असं दिसलं की ती यादीत चढे. मग बँका तिचा कागद घेत नसत, जहाज कंपन्या तिचा माल उचलत नसत, आणि तिच्याशी व्यवहार करणाराही संशयात येई.

"ट्रॅक्टरात बसतो तो पंप रणगाड्यातही बसतो," चाचा सांगत. "पंपाला काय माहीत?"

म्हणून त्यांनी प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाकडून एक फोटो मागण्याची पद्धत घातली होती. पंप ज्या यंत्रात बसणार त्या यंत्राचा फोटो, बाजूला त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरलेला माणूस. गिऱ्हाइकं वैतागत. चाचा फोटो येईपर्यंत "आप कैसे हैं" एवढंसुद्धा विचारत नसत. फोटो आला की मात्र गुडघेदुखीपासून नातवंडांपर्यंत सगळी चौकशी होई.

ते सडपातळ होते. करडा सफारी, वरच्या खिशात एकच पेन. राहायला शहागंजच्या मागच्या गल्लीत. मराठी आमच्यासारखीच बोलत, घरी दखनी, आणि चिडले की दोन्ही बंद. त्यांचे आजोबा शहागंजातच रंगाच्या दुकानात मुनीम होते. हिमरू शाली विणणाऱ्यांना सुताचा रंग त्या दुकानातून जाई आणि चांगला रंग जर्मनीहून येई. दुसऱ्या महायुद्धात एक दिवस सरकारी माणसं आली आणि जर्मन डब्यांच्या कपाटाला लाखेची मोहोर लावून गेली. दुकानदाराचं जर्मनीशी देणंघेणं एवढंच की त्यांचा निळा पक्का होता. लढाई संपेपर्यंत आजोबा रोज सकाळी त्या मोहोरेवरची धूळ पुसत, असं चाचा सांगत.

"धूळ का पुसायची?" मी विचारलं होतं.

"मोहोर शाबूत आहे हे दिसलं पाहिजे. नाहीतर आळ कुणावर येणार?"

आमच्या ऑफिसच्या भिंतीवर गिऱ्हाइकांनी पाठवलेली कॅलेंडरं होती. मशिदींची, पुलांची, द्राक्षमळ्यांची चित्रं. एखादी कंपनी यादीत चढली की चाचा तिचं कॅलेंडर काढत नसत, उलटं करून त्याच खिळ्याला टांगत. युद्धाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत एका ओळीत सात पांढऱ्या पाठी झाल्या. पंखा लावला की त्या एकदम हलत. साफसफाईच्या मावशींनी एकदा सांगून टाकलं की त्या भिंतीला त्या फडकं मारणार नाहीत. चाचांनी फडकं मागून घेतलं आणि स्वतः मारलं.

आमचे मालक मूळचे कन्नड तालुक्यातले, शेतकरी घरातले. चाचांपेक्षा वीस वर्षांनी लहान. तेही त्यांना चाचाच म्हणत. ते एकदा त्या भिंतीसमोर उभे राहिले.

"काढून टाका ना हे, चाचा. बाहेरचा माणूस आला तर काय वाटंल?"

"काढलं की विसरतो आपण, साहेब. मग तीच माणसं दुसऱ्या दारानं येतात."

हे खोटं नव्हतं. इस्तंबूलची एक कंपनी यादीत गेली आणि तीन आठवड्यांच्या आत मध्य आशियातल्या एका नव्या कंपनीची विचारणा आली. नाव नवं, देश नवा, झेंडा नवा. पंपाचा प्रकार तोच. व्हिडिओ कॉलवर एक तरुण मॅनेजर बोलला, नम्र आणि नीटनेटका. चाचा त्याच्याकडं पाहतच नव्हते. ते त्याच्यामागच्या भिंतीकडं पाहत होते. तिथं रंगाचा एक गोल तुकडा आजूबाजूच्या भिंतीपेक्षा उजळ होता. कॉल संपल्यावर त्यांनी जुन्या कंपनीची फाइल उघडली. आदल्या वर्षीच्या कॉलचा छापील फोटो त्यात होता. त्याच जागी भिंतीवर गोल घड्याळ होतं. खिडकी तीच, खिडकीबाहेरची पाण्याची टाकी तीच.

"देश बदलला," चाचा म्हणाले, "खोली तिथंच आहे."

मी पुढच्या आठवड्यात जुन्या कंपनीचा नंबर फिरवून पाहिला. त्याच तरुणानं उचलला. त्या जुन्या कंपनीचं नाव आपण कधी ऐकलेलंही नाही, असं त्यानं अत्यंत नम्रपणे सांगितलं.

चाचांचा मुख्य नियम तीन फरकांचा होता. कागदावरचं एखादं नाव यादीतल्या नावाशी जुळलं की फाइल थांबायची. मग एक तक्ता: डाव्या रकान्यात यादीतला माणूस, उजव्यात आपल्यापुढचा. दोघांत तीन फरक सापडले, प्रत्येक फरकाच्या दोन्ही बाजूंना पुरावा मिळाला, की फाइल सुटे. दोन फरकांवर कधीच नाही. पासपोर्टचा नंबर फरक म्हणून चालत नसे, कारण तो बदलता येतो. तक्त्याखाली दोन सह्या: भरणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. तपासणाऱ्यानं पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, दुसऱ्याच्या सांगण्यावर सही करायची नाही. तपासणारी मी होते. बँकेला हा तक्ता इतका पसंत पडला होता की आमच्याकडून त्यांना दुसरं काही लागत नसे.

शारजाच्या एका व्यापारी कंपनीचा मालक आणि चाचा यांचं नाव एकच होतं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही. युद्धाच्या आधीपासून तो आमचा पंप घेई. पहिल्यांदा त्याचा फोन आला तेव्हाचं मला आठवतं, कारण चाचा कामाचे सगळे फोन स्पीकरवर घेत आणि शेजारी एक साक्षीदार बसवत.

"मियाँ, मैं बोल रहा हूँ," पलीकडून आवाज आला आणि त्यानं पूर्ण नाव सांगितलं.

"तो फिर मैं कौन हूँ?" चाचांनी विचारलं.

दोघं हसले. मी पेन खाली ठेवलं. हसणं संपल्यावर पलीकडचा काही बोलला, चाचा काही बोलले, आणि पाच मिनिटांच्या त्या बोलण्यात मला तीन वेळा चाचांच्या तोंडाकडं पाहावं लागलं. आवाज एक होता. ओठ हलतायत का, एवढ्यावरूनच आत्ता कोण बोलतंय ते कळत होतं. फोन ठेवायच्या आधी त्या माणसानं विचारलं, शहागंजात सकाळी नान-खलिया मिळतो का अजून, आपल्या गावचा तो मटणाचा रस्सा, तसाच, पिवळ्या नानबरोबर. चाचा म्हणाले, "हौ, मिलता ना. आओ कभी." तो म्हणाला, आता काय येणं होणार.

पुढं दर दोन महिन्यांनी ते बोलत. युद्ध सुरू झाल्यावरही.

त्याची कंपनी यादीत आली तो मंगळवार होता. चाचांनी नेहमीप्रमाणे कंपनीचं नाव वाचलं, शारजा वाचलं, पत्ता वाचला. त्याखाली मालकाची स्वतंत्र नोंद होती. त्यांनी तीही त्याच आवाजात वाचली: पूर्ण नाव, राष्ट्रीयत्व भारतीय, जन्मतारीख. नाव स्वतःचं होतं. वर्ष स्वतःचं होतं. महिना वेगळा होता. वाचून झाल्यावर त्यांनी ते कॅलेंडर उलटं केलं. त्यावर उंटांचं चित्र होतं.

मग शारजाची फाइल माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "बघ, काय नाही यात."

फोटो नव्हता. कोणत्याच ऑर्डरला नव्हता. बाकी प्रत्येक गिऱ्हाइकाला यंत्राचा फोटो मागणाऱ्या माणसानं या एकाला तो कधी मागितलाच नव्हता.

"स्वतःवर कोण शक घेतो?" ते म्हणाले. ते पंप कशात बसले हे आम्हाला कळलं नाही, पण यादीत कंपनीच्या नावासमोर कारण लिहिलेलं होतं, आणि ते ट्रॅक्टर नव्हतं.

नऊ दिवसांनी बँकेनं आमचे एका पाठवणीचे कागद परत केले. सही करणाऱ्याचं नाव यादीशी जुळतं, खुलासा द्यावा. चाचांनी तक्ता काढला. डावीकडं स्वतःचं नाव लिहिलं, उजवीकडं स्वतःचं नाव लिहिलं. पहिला फरक: राहण्याचं ठिकाण. पुरावा कारखान्याचं हजेरीपुस्तक. दुसरा फरक: जन्मतारीख. पुरावा शाळेचा दाखला. तिसऱ्याची ओळ कोरी. त्या दिवसापासून त्यांनी कागदांवर सही करणं थांबवलं. सगळ्या सह्या मी करू लागले. ते कागद तयार करत, माझ्याकडं सरकवत आणि हात मागं घेत.

त्यांची मुलगी मस्कतला असते. तिला बाळ झालं होतं, चाचांचं जायचं ठरलं होतं. तेही थांबलं.

"व्हिसावाले विचारतील, तू तो नाहीस कशावरून? माझ्याकडं दोनच फरक आहेत," ते म्हणाले.

"चाचा, तुम्हाला तरी माहितीये ना तुम्ही कोण ते," मी म्हटलं.

"माझ्या सांगण्यावर तू कुणाची फाइल सोडली असतीस का?"

महिन्याभरानं यादीतल्या त्या नोंदीत एका ओळीची भर पडली. जन्मस्थान: औरंगाबाद, भारत.

डिस्पॅचचा माणूस लगेच म्हणाला, "घ्या, सुटले चाचा. आता आपल्या गावाचं नावच बदललं. तुम्ही छत्रपती संभाजीनगरचे, तो औरंगाबादचा. तिसरा फरक."

"नाव बदललं म्हणून सोडायचं असतं तर या भिंतीवर एकपण कॅलेंडर उलटं नसतं," चाचा म्हणाले.

खरा मार्ग बँकेतूनच आला. तिथल्या अधिकाऱ्यानं मालकांना फोन करून सुचवलं की बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे. नोंदीत राज्य लिहिलेलं नाही. यादीतला माणूस बिहारचा असावा एवढं चाचांनी लिहून दिलं तर तिसरा फरक धरता येईल आणि प्रकरण मिटेल. मालक स्वतः आमच्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले.

"चाचा, चार ओळी लिहा. बिहारचा असंल म्हणा. मोकळं व्हा."

"तो बिहारचा नाही, साहेब."

"कशावरनं?"

"नान-खलिया विचारला त्यानं मला. शहागंजचा. सकाळचा."

मालकांनी दाराकडं पाहिलं. "हे कुणाला माहितीये?"

"मला. आणि हिला," चाचांनी माझ्याकडं बोट केलं. "ही तपासणारी आहे."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी ऐकलं होतं. स्पीकरवर, साक्षीदार म्हणून.

"मॅडम, तुम्ही तरी सांगा यांना," ते म्हणाले. मी पेनाला टोपण लावलं.

"बघा चाचा," मालक उठता उठता म्हणाले, "तुमच्यावर माझा शक नाय. पण बँक म्हणती, महिनाअखेर हे नाव मिटलं नाय तर सगळ्या कंपनीचीच फाइल उघडणार. दीडशे माणूस हाये खाली शॉपवर. एकतर लिहून द्या, नायतर मग..."

"व्हय साहेब," चाचा म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. मी तुमच्या जागी असतो तर आत्ताच मला काढलं असतं."

त्या महिन्यात चाचांमध्ये काही बदल झाले. ते मी नोंदवते, त्यांचा अर्थ लावत नाही. त्यांनी फोन उचलताना नाव सांगणं सोडलं. गेटवरच्या वहीत नाव लिहायच्या जागी ते हजेरीचा नंबर लिहू लागले. कुणी हाक मारली तर आधी मागं वळून पाहत, मग ओ देत. एकदा दुपारी मी त्यांना स्वच्छतागृहाच्या आरशासमोर उभं राहून बोलताना पाहिलं. दार अर्धं उघडं होतं. ते आरशाला विचारत होते, "पंप कहाँ लगाया रे? बता तो." आरशातला माणूसही तेच विचारत होता. मी पुढं गेले.

शारजाचा नंबर ते दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर फिरवत. त्याला एकच गोष्ट विचारायची होती: आजोबांचं नाव. ते वेगळं निघालं तर तिसरा फरक मिळत होता, खरा. घंटा पूर्ण वाजत राही. कुणी उचलत नसे.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सकाळी चाचांनी यादी वाचली. नवी नावं संपल्यावर ते वगळलेली नावंही वाचत, जरा हळू. त्या दिवशी वगळलेलं नाव एकच होतं. त्यांनी ते वाचलं, जन्मतारीख वाचली, जन्मस्थान वाचलं. कारण दिलेलं नव्हतं. वगळताना कारण सहसा देत नाहीत.

बातमी खाली गेली. मालक जिन्यावरूनच बोलत आले, "झालं, मिटलं. सुटलात चाचा."

"यादीतून गेला, साहेब. बँकेच्या कागदावर आहे अजून. तिसरी ओळ भरल्याशिवाय ते बंद करणार नाहीत."

दुपारी त्यांनी नंबर फिरवला. मी शेजारी बसले. स्पीकर चालू होता. चौथ्या घंटेला कुणीतरी उचललं.

बऱ्याच दिवसांत चाचांनी फोनवर नाव सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. "मैं बोल रहा हूँ," म्हणाले आणि पूर्ण नाव घेतलं.

पलीकडं लांब कुठंतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग एक बाई अगदी हळू म्हणाली, "अब्बा?"

चाचांचा हात टेबलावर होता. तो हलला नाही.

"अब्बा, आप ही हैं ना? हम लोग तो..." कुणीतरी तिला मागून विचारत होतं, कोण आहे, कुणाचा फोन आहे. ती त्यांना म्हणाली, "चुप रहो, अब्बा बोल रहे."

"नहीं बेटी," चाचा म्हणाले. "मैं वो नहीं हूँ."

"आवाज़ तो..."

"हौ. आवाज़ वही है. मैं वो नहीं हूँ. कब हुआ, बेटी?"

तिनं दिवस सांगितला. महिना होत आला होता. चाचांनी तो कागदाच्या कोपऱ्यात लिहिला आणि तिच्या अब्बांसाठी दुआ म्हटली. ती संपेपर्यंत तिनं फोन धरून ठेवला. मग म्हणाली, "और थोड़ा बोलिए." थोड्या वेळानं तिनंच ठेवला. आजोबांचं नाव त्यांनी विचारलं नाही.

मी पाण्याचा ग्लास सरकवला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि ड्रॉवरमधून तक्ता काढला. तिसऱ्या ओळीत डाव्या रकान्यात त्यांनी लिहिलं: मयत. पुढं पुरावा: मुलीचं तोंडी सांगणं, स्पीकरवर, दोघांनी ऐकलं. उजव्या रकान्यात लिहिलं: हयात. त्यापुढची पुराव्याची जागा कोरी ठेवली. खाली भरणाऱ्याच्या ठिकाणी सही केली आणि कागद माझ्याकडं फिरवला.

"इथं काय लिहू?" मी कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारलं.

"ते मी नाही लिहू शकत. तू बघायचं."

मी पाहिलं. ते खुर्चीत ताठ बसले होते, नजर समोरच्या भिंतीवर. चेहऱ्यावरून काही ठरवता येत नव्हतं. मी वाट पाहिली. नियम पाळायचा म्हणून नव्हे, मला खरोखरच खात्री नव्हती म्हणून. मग सफारीच्या खिशातलं पेन किंचित वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. तीन श्वास मोजून मी कोऱ्या जागेत लिहिलं, 'समक्ष पाहिले', आणि सही केली.